वांगड

पियेदादबाई न्हाणीमागच्या पाथरावर कोंबडी साफ करत होती
आणि आगोश्तिनबाब,
चोडणच्या कोमुनिदादीचे निवृत्त इश्क्रिव्हांव,
शेपटाकडचा तुकडा चिमटीत धरून म्हणाले,
ह्याला आम्ही मित्र म्हणत असू.
मित्र?
दोस्त न्हय गो, बिशपाची टोपी. आकार बघ.

मी त्यांच्या माडीवरची भाडेकरीण.
रोज फेरीबोटीने पलीकडे जाऊन प्राणिशास्त्र शिकवते,
रविवारी शिकवत नाही.
तरी म्हटलं, टोपीच्या आत हाड आहे बघा,
नांगराच्या फाळासारखं, लहानसं.
ते एक नव्हे. पाच-सहा मणके
एकमेकांत मुरून एक झालेत.
पिसांचा पंखा त्याच्यावरच उघडतो, मिटतो.

आणि आधी?

आधी लांब शेपूट होतं,
वीस-बावीस सुट्या मणक्यांचं, पालीसारखं,
दोन्ही अंगांना पिसं लावलेलं.
पंधरा कोटी वर्षं झाली.

बाबांनी चष्मा लावला.
चाळीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं,
कोण कुणाचा, कुठल्या वांगडाचा,
झोण कुणाला लागते आणि कुणाला नाही.
मग आखूड शेपटाच्यांत, त्यांनी विचारलं,
पहिली सही कुणाची?

नेमकं तिथंच अडतं, बाब.
चीनमधल्या जुन्या तळ्यांच्या गाळात, ज्वालामुखीच्या राखेखाली
शेकडो निजलेत, पिसांसकट.
एक कावळ्याएवढा, चोचीत दात एकही नाही,
काहींच्या मागे दोन लांब फिती, काहींच्या नाहीत.
दुसरा रुंद पंखांचा, वरच्या जबड्यात दात.
शेपूट दोघांचंही आखूड.
कुणी म्हणतं हा आधी फुटला, कुणी म्हणतं तो,
आणि दर दोन वर्षांनी नवा दगड फुटतो
की झाड पुन्हा काढायचं.
माझ्या वहीत त्या फांदीवर खोडून खोडून भोक पडलंय.

म्हणजे तो बिनदाताचा हिचा पणजोबा?

नाही. त्याचे दात त्याने घालवले.
हिच्या घराण्याने आपले नंतर, वेगळे घालवले.
आणि शेपूटसुद्धा
एकदाच आखूड झालं असेल असं नाही.

तेव्हा बाब हसले.
हे मला सांगू नको, म्हणाले.
एका सकाळी एका पाद्रीने अख्ख्या वाड्यावर पाणी शिंपडलं
आणि स्वतःचं आडनाव वाटून निघून गेला.
तेव्हापासून मी मिनेझिस
आणि तो तारीवरचा रोमाल्दसुद्धा मिनेझिस.
रक्ताचा थेंब एक नाही.
परका माणूस विचारतो, चुलत भाऊ काय?

मग मी त्यांना उलट्यांचं सांगितलं.
उलटे पक्षी, मोठं कूळ.
खांद्याच्या सांध्यात जिथे ह्यांची गुठळी तिथे त्यांची खोबण.
बहुतेकांना दात, पंखांवर नखं,
कुणी चिमणीएवढे, कुणी घारीएवढे,
झाडाझाडांवर तेच.
हिचे पूर्वज तेव्हा कुठे पाण्याच्या कडेला, थोडकेच.
आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आकाशातून धोंडा.

किती उरले?

उलट्यांतला एकही नाही.

बाब गप्प राहिले. बोटाने पाथराच्या ओलीवर
एक रकाना आखला, मग दुसरा.
निर्वंश वांगडाला, म्हणाले,
आम्ही वगळत नव्हतो.
सभेत त्याचं नाव पुकारायचं,
थोडं थांबायचं,
मग पुढचं.

फणसाखाली एक नवरंग पाला उलथत होता,
शेपूट म्हणावं असं काही नाहीच,
कुणी घाईत कापून ठेवल्यासारखा.
तो आमच्याकडे बघत नव्हता.
पियेदादबाई ओरडली, तो तुकडा द्या इकडे,
मसाला वाटून झालाय, तुमचं काय चाललंय?

रात्री शागोती वर आली, झाकून.
बिशपाची टोपी माझ्याच वाटीत.
मी थोडं थांबले,
मग खाल्ली.
हाड धुऊन खिडकीत ठेवलंय,
कोणत्या रकान्यात ते अजून ठरलेलं नाही.